तामू सुईण आणि काफ, बा, लाम

आमच्या सेफ्रू गावात नदीकाठच्या गल्लीत मधल्या वयाचं जे कुणी भेटेल, त्याला या जगात पहिला हात लागला तो लल्ला तामूचा; लल्ला म्हणजे आमच्याकडे बाई. माझी मुलंही तिच्याच हातात उतरली. मी यामना. जेलाबाला, म्हणजे आमच्याकडच्या लांब झग्याला, लागणारी रेशमी बटणं करते. तामू माझ्या शेजारच्या घरात, वरच्या खोलीत राहायची, त्यामुळे तिचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि उरलेलं तिनं बटणं करता करता सांगितलं आहे.

ती मूळची इथली नव्हे, डोंगरावरच्या एका वस्तीतली. वयात येते न येते तोच बापानं तिचं लग्न ठरवलं. पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत बसली, फातिहा वाचला, बाप म्हणाला दिली आणि पलीकडून आवाज आला, कबूल. तामू भिंतीच्या अलीकडे कांदे चिरत होती. आपलं लग्न झालं हे तिला आईनं आत येऊन सांगितलं, आणि कांदा जरा बारीक चीर, असंही सांगितलं.

नवरा वाईट नव्हता म्हणे. पण मूल होईना. पिरांच्या दर्ग्यांवर जाऊन झालं, मेथ्या-मध खाऊन झालं, सासूचे टोमणे ऐकून झाले. शेवटी एका हिवाळ्यात नवऱ्यानं तिला खेचरावर बसवून सेफ्रूला भावाच्या दारात आणून सोडलं. "तडा गेलेलं मडकं कुंभाराकडे परत न्यावं, तसं," ती सांगायची. सांगताना चेहऱ्यावर काही नसायचं. हातातलं बटण मात्र घट्ट आवळलं जायचं.

त्याच हिवाळ्यात भावजय बाळंत होणार होती. गल्लीची सुईण तेव्हा राबहा. म्हातारीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. कळा सुरू झाल्या, राबहा आली, खोलीतल्या सगळ्या बायकांचे हात तिनं एकेक करून चाचपले आणि तामूचा धरून ठेवला. "हा गरम आहे. तू बस इथं." भावजयीच्या माहेरच्या बायकांनी कुजबुज केली की वांझोटीला कशाला पुढं बसवता. राबहा म्हणाली, "मला हात हवाय. पोट माझ्यासमोर आहेच." त्या दिवशी तामूच्या हातात आला तो तिचा भाचा अल्लाल. पुढं राबहा गेली आणि गल्ली आपोआप तामूकडे आली.

बाळंतपणाच्या खोलीत ती फार कडक. कुणी किंचाळायला लागली की म्हणायची, "श्वास पोराला लागणार आहे, गल्लीला वाटत बसू नकोस." पण हात सोडायची नाही. मूल बाहेर आलं की त्याला उताणं करून तोंडाकडे नीट बघायची आणि हळूच म्हणायची, "आलास? बरं केलंस." मुलगी असली तरी तेच. माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी सुस्कारा टाकला. तामू वर न बघता म्हणाली, "हाज्जा, तोंड वाकडं करायचं तर अंगणात जाऊन करा. हिनं अजून फारशी तोंडं पाहिली नाहीत." सासूबाई खरंच अंगणात गेल्या. परत आल्या त्या बाळंतिणीला द्यायच्या रफिसासाठी कोंबडी कापूनच.

मग गावात सरकारी दवाखान्याला बाळंतिणींची इमारत झाली. तिथं शिकून आलेली सुईण होती, पांढऱ्या कोटातली. बायका हळूहळू तिकडे वळल्या. आम्हाला वाटलं तामू चिडेल. ती उलट पोटुशींना स्वतः तिकडे पाठवायची. "तिच्याकडे दिवा आहे, रक्ताच्या पिशव्या आहेत. माझ्याकडे काय, तेलाची वाटी." चिडली नाही, पण रिकामी झाली. सकाळी उठून कुठं जायचं हेच तिला कळेना. मग ती माझ्याकडे येऊन बटणं करायला बसली आणि तिथं मात्र तिचा हात काही चालला नाही. सुईवर रेशीम गुंडाळायचं, गाठ मारायची, ओढायचं. आमची बटणं मटाराएवढी, तिचं ऑलिव्हएवढं. काजात जाणार कसं? मी गुपचूप तिची बटणं उसवून पुन्हा करायची. तिला ते ठाऊक होतं.

अशातच मशिदीच्या तळखोलीत बायकांसाठी लिहा-वाचायचे वर्ग निघाले. दुपारची नमाज झाली की बसायचं. मी गेले, आमच्या गल्लीतली हद्दू गेली, आणि घरी बसून करायचं काय म्हणून तामूही आली. तेव्हा ती साठी ओलांडून गेली होती. शिकवायला होते सी महजूब; सी म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत. शाळेतून निवृत्त झालेले अरबीचे मास्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन फेजला. उंच, तपकिरी जेलाबा, आणि डोळे जरासे नाकाकडे वळलेले. त्यामुळे प्रश्न कुणाला विचारला ते कळायचं नाही आणि आम्ही दोघी-तिघी एकदम उत्तर द्यायचो.

सुरुवातीचे महिने सरकारी पुस्तकावर गेले. ही दोरी आहे, हा ऊस आहे, पाणी उकळून प्या. आम्ही आयुष्यभर पाणी उकळत आलेल्या बायका. हद्दूला जांभया यायच्या. मग एक दिवस तिच्यावर वाचायची पाळी आली. पुस्तकात वाक्य होतं, नमाजी किब्ल्याकडे तोंड करतो. आता अरबीत छोटे स्वर लिहिले नाहीत तर शब्द जसा वाचाल तसा. हद्दूनं किब्ला वाचायच्या जागी कुब्ला वाचलं. कुब्ला म्हणजे मुका. नमाजी मुक्याकडे तोंड करतो.

मग कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळी खोली सुटली. हद्दू म्हणाली, "मला काय माहीत, मिसरच्या टीव्ही मालिकेत असंच म्हणतात."

सी महजूबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डोक्यावर मशीद, आणि समोर तोंडावर ओढण्या घेऊन हसणाऱ्या पोक्त बाया. आम्हाला वाटलं आता रागावतील. त्यांनी पुस्तक मिटलं, खडू घेतला आणि फळ्यावर तीनच अक्षरं लिहिली. काफ, बा, लाम.

"हद्दूबाईंनी फार दूरचं वाचलेलं नाही," ते म्हणाले. "दोन्ही शब्द एका घरचे आहेत. अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांतून निघतात. या तिघांचा अर्थ मुळात एवढाच, की एक गोष्ट दुसरीच्या समोर येणं. तोंडासमोर तोंड. नमाजेत ज्या दिशेला तोंड करायचं ती किब्ला. आणि ते दुसरं..."

"त्यातही तोंडासमोर तोंडच असतं," हद्दूनं मदत केली.

"असतं," सी महजूब म्हणाले आणि घाईनं पुढचा शब्द लिहायला वळले.

त्या दुपारी पहिल्यांदा कुणाला जांभई आली नाही. ते म्हणाले, तुम्हीच शब्द आणा, या घरचे असतील तर मी लिहितो. कुणी कबीला म्हणालं, आपली जमात. तोही त्यातलाच. कुणी म्हणालं, मुस्तकबल. जो काळ समोरून येतोय तो. आधी घडून गेलेल्याला आपण कब्ल म्हणतो, तो कसा यात, असं मी विचारलं. ते म्हणाले, पुढं चालणारा आपल्या तोंडासमोर असतो ना, तसा. मग ते स्वतःच रंगात आले. जुन्या कोशांत म्हणे पूर्वेच्या सुखाच्या वाऱ्याचं नाव कबूल आहे. चपलेचा अंगठ्याजवळचा पट्टा, त्याचं नाव किबाल. आम्ही सगळ्या आपापल्या पायांकडे बघायला लागलो.

"आणि ज्याचे डोळे एकमेकांसमोर यायला बघतात," त्यांनी खडूनं स्वतःच्या नाकाकडे खूण केली, "तो दोषही याच घरात सापडतो. कोशात मी या पानावर आहे."

यावेळी हसू वेगळं होतं. त्यात कुणी ओढणी तोंडावर घेतली नाही.

मग तामूनं हात वर केला. ती म्हणाली, "सी महजूब, मला लोक काबला म्हणतात. सुईण. तो शब्द कुठला?"

"तो तर या घरातला मोठा मान्यवर शब्द, लल्ला तामू. येणाऱ्याला समोर होऊन स्वीकारणारी. बाळाचं तोंड जिला सगळ्यांत आधी दिसतं ती."

तामूनं विचार केला. "आधी टाळू दिसते," ती म्हणाली. "तोंड मग. आणि तेही खाली असतं, मागच्या बाजूला. मलाच त्याला वळवून घ्यावं लागतं."

सी महजूब खडू हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. या वेळी कुणाकडे बघतायत याबद्दल आम्हाला शंका नव्हती. मग ते हसले, मोठ्यानं, आणि म्हणाले, "कोश लिहिणारे सगळे पुरुष होते, लल्ला. त्यांना दाराबाहेर बसवलं असणार."

सुट्टी झाल्यावर तामू दाराशी थांबली. मी चपला घालत होते, म्हणून ऐकलं. "निकाहात कबूल म्हणतात, तोही यातलाच?" तिनं विचारलं.

"त्यातलाच. समोर आलेलं घेणं."

"मी तो एकदाच ऐकला," तामू म्हणाली. "भिंतीपलीकडून. माझ्या समोर काही आलं नव्हतं." आणि ती निघून गेली. सी महजूब उंबऱ्यात तसेच उभे.

त्यानंतर दर आठवड्याला तीन नवी अक्षरं ठरली. पण तामू मात्र काफ, बा, लामच्याच घरात फिरत राहिली. एकदा म्हणाली, आपल्या बोलीत आपण काबेल म्हणतो ते, लेकराला काबेल, म्हणजे सांभाळ, नजर ठेव. ते आहे का तुमच्या कोशात? सी महजूब घरी जाऊन शोधून आले. असं सरळ नाही सापडलं, म्हणाले, पण असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी हद्दू त्या दोघांकडे टक लावून बघत होती, तर तामू शांतपणे म्हणाली, "काबेल शुघलेक." आपलं काम बघ. वर्गात हे वाक्य सी महजूबांनी फळ्यावर लिहून घेतलं.

चेरीचा मोसम उलटला तेव्हा फेजहून सी महजूबांची मुलगी नुझहा आली. ती सरळ अल्लालच्या घरी गेली, हातात निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका. आमच्याकडे असा सुळका मागणी घालायला येतो हे लहान पोरालाही कळतं. तामूच्या घरी आजवर असे सुळके ढीगभर आले होते, पण ते बाळंतपणं झाल्याबद्दल. हिनं तो खाली ठेवला आणि म्हणाली, "वडिलांनी पाठवलंय. लल्ला तामूंसाठी."

अल्लालच्या हातातला चहाचा पेला कलंडला.

अल्लाल माणूस चांगला. बाजारात खिळे-कुलपांचं दुकान, चार लोकांत ऊठबस. नुझहा गेल्यावर त्यानं मलाही बोलावून घेतलं, कारण माझं तामू ऐकते असं त्याला वाटायचं. "लोक काय म्हणतील?" तो म्हणाला. "अल्लालला आत्या जड झाली, दोन घास देववेनात, म्हणून या वयात तिला उजवली."

"घास चांगले देतोस," तामू म्हणाली. "मीठ कमी असतं, तेवढंच."

"आत्या, चेष्टा नको. तुला इथं काय कमी आहे?"

"काही नाही. म्हणून तर विचार करता येतोय. कमी असतं तर मी कालच गेले असते."

तिनं खरंच विचार केला, बरेच आठवडे. वर्गाला येत राहिली, पण मागच्या ओळीत बसली आणि प्रश्न विचारायचे बंद केले. सी महजूबांचंही शिकवण्यात लक्ष नव्हतं. एकदा तर फळा पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. एक दिवस तामू मला म्हणाली, "यामना, चल माझ्याबरोबर, एकटीनं त्यांच्या दारात उभं राहणं बरं दिसणार नाही." आम्ही गेलो. त्यांचं घर पुलापलीकडे, आत सगळा अंधार आणि पुस्तकं. तिनं बसायचं नाकारलं.

"सी महजूब, मला एकदा परत पाठवलंय. तुम्हाला ठाऊक असेल."

"ठाऊक आहे."

"मला स्वयंपाक साधाच येतो. बटणं येत नाहीत. रात्री घोरते असं भावजय सांगायची. आणि मला कुणी सारखं सारखं शिकवलेलं चालत नाही. वर्गात ठीक आहे."

"घरात शिकवणार नाही."

"शिकवाल. सवय आहे तुम्हाला."

"शिकवीन," त्यांनी मान्य केलं. "पण तुम्ही उलट बोलाल. या घरात बरीच वर्षं कुणी उलट बोललेलं नाही, लल्ला तामू. पुस्तकं नुसती ऐकून घेतात."

तामूनं आत एक नजर टाकली. "स्वयंपाकघरात उजेड नाही," ती म्हणाली. "मेहेरात मला नदीकडं उघडणारी खिडकी पाहिजे." मेहेर म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायचं देणं; तेच तिचं उत्तर होतं. परत येताना पुलावर ती थांबली, कठड्याला टेकली आणि खाली पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, आवाज न करता.

मग अल्लालनं नवा मुद्दा काढला. ठीक आहे, लग्न करायचं तर कर, पण वडील नाहीत, भाऊ नाही, तर तुझ्या वतीनं शब्द मी देणार. आजवर सगळ्यांच्या घरी असंच होत आलं होतं. पण तेव्हा नवा कायदा नुकताच आला होता, जाणत्या बाईला आपलं लग्न आपण लावता येत होतं. तामूला हे दवाखान्यातल्या पांढऱ्या कोटवालीनं सांगितलं होतं.

"माझा शब्द मी देईन," ती म्हणाली.

अल्लालचा चेहरा उतरला. "मग मी तिथं कशाला येऊ? भिंतीला टेकून उभं राहायला?"

तामू त्याच्या जवळ जाऊन बसली. एरवी ती कुणाला फारसा हात लावत नसे, बाळंतीण सोडून. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू माझ्या हातात आलेलं पहिलं मूल," ती म्हणाली. "तू नसशील तर मी जाणार नाही. तिथं जिना आहे, माझे गुडघे दुखतात. हात धरून ने मला. आणि बोलताना माझा आवाज अडला, तर नुसता खाकर."

दुसऱ्या दिवशी अल्लालनं तिच्यासाठी नव्या पिवळ्या चपला आणल्या.

निकाह लिहिणाऱ्या अदूलांच्या खोलीत आम्ही सगळे दाटीनं बसलो. सी महजूब, नुझहा, अल्लाल, मी, आणि बोलावणं नसताना आलेली हद्दू. वयस्क अदूलांनी कागद पुढं ओढला आणि रीतीप्रमाणे तामूकडे वळले. आमच्याकडे आधी मुलीच्या बाजूनं देऊ करायचं असतं आणि मग नवरा कबूल म्हणतो.

"माफ करा," सी महजूब मध्येच बोलले. "आधी मी विचारणार आहे. कबूल त्या म्हणतील."

अदूलांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो उस्ताद, कबूल नवऱ्याचं असतं."

"असतं. पण नवऱ्यानं आधी विचारलं तरी निकाह बसतो. मी दोन जाणत्यांना विचारून आलोय. तुम्हीही पडताळून बघा."

त्यांनी शेजारच्या दुसऱ्या अदूलांशी खालच्या आवाजात बोलून घेतलं. बसतो, असं ठरलं. "पण कशाला उलटापालट?" त्यांनी विचारलं.

सी महजूब गडबडले. वर्गात तासभर बोलू शकणारा माणूस, त्याला शब्द सुचेना. "यांनी तो शब्द आजवर म्हटलेला नाही," ते म्हणाले. "माझा एकदा म्हणून झालाय."

मग ते तामूकडे तोंड करून बसले आणि स्वच्छ मास्तरी अरबीत त्यांनी तिला मागणी घातली, खिडकीसकट. तामू गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. ती इतका वेळ गप्प राहिली की अल्लाल खाकरला.

"थांब रे," ती म्हणाली. "ऐकतेय मी." आणि मग अदूलांकडे नाही, कागदाकडे नाही, सी महजूबांच्या त्या वळलेल्या डोळ्यांकडे सरळ बघून म्हणाली, "कबूल केलं."

हद्दूनं तोंडाशी हात नेऊन अशी लांबलचक आनंदाची युयू काढली की खालच्या बाजारातून लोकांनी वर बघितलं. अल्लाल खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होता आणि विचारलं तर म्हणत होता, धूळ फार आहे या खोलीत.

खिडकी व्हायला पावसाळा गाठावा लागला. गवंडी आज येतो उद्या येतो करत होता. ती झाली तेव्हा सी महजूबांना कळलं की आपल्या स्वयंपाकघराची भिंत पिवळी आहे. वर्ग पुढंही चालला. तामू मागच्याच ओळीत बसायची आणि चुकली तर मास्तर तिला इतरांपेक्षा जास्त टोकायचे, त्यावर घरी त्यांना बिनमिठाची हरीरा मिळायची. अल्लाल दर शुक्रवारी त्यांच्याकडे कुसकुस खायला जाऊ लागला. सुरुवातीला आत्यासाठी जायचा, आता सी महजूबांशी राजकारणावर वाद घालायला जातो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. सी महजूबांना आता कानांनी फारसं ऐकू येत नाही. संध्याकाळी दोघं नदीकडच्या खिडकीशी बसतात आणि तामू त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, बोट ठेवून, एकेक शब्द, एवढ्या मोठ्यानं की पुलापलीकडे आम्हाला सगळ्या बातम्या कळतात. तिनं शब्दाचा शेवटचा स्वर चुकवला की ती चूक मात्र त्यांना बरोबर ऐकू येते. ते दुरुस्त करतात. ती म्हणते, "बातमी कळली ना? मग झालं." ते म्हणतात, नाही झालं. मग ती ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचते, तक्रार करत करत, आणि गल्लीत बटणं करत बसलेल्या आम्ही सगळ्या उद्या डोंगरावर बर्फ पडणार आहे हे दुसऱ्यांदा ऐकतो.